सेल्मरच्या टोपीच्या चकत्या

नॉर्वेहून आलेल्यांच्या आमच्या ड्राय फोर्क गावात त्या मे महिन्यात एक कुजबुज फिरत होती. आर्डिस क्वामेने म्हणे नवऱ्याच्या प्रेताच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. शवपेटीचं झाकण लागायच्या आधी, सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला गेले असताना, कोटाच्या आत दडवून. आणि कशासाठी, तर बंदुकीच्या काडतुसांत घालायला.

ही बातमी मला लव्हॉनकडून मिळाली. लव्हॉन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, म्हणजे सगळ्यांकडे पाठ करून बसते, आणि तरी सगळ्यांत जास्त तिलाच दिसतं. मी गावचा न्हावी, चाळीस वर्षं त्याच दुकानात. माझ्याकडे आलेली बातमी थोडी विंचरून, थोडं तेल लावूनच बाहेर पडायची, हे कबूल करतो. टोपी कोटाच्या आत दडवली, हा भाग लव्हॉनचा. टोपी काढताना आर्डिस 'माफ कर, सेल्मर' असं पुटपुटली, हा माझा.

पण बातमीला बूड अजिबात नव्हतं असं नाही. सेल्मर क्वामेला टोपीशिवाय लोकांनी दोनच ठिकाणी पाहिलं होतं, चर्चमध्ये आणि माझ्या खुर्चीत. करडी, जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, रुंद काठाची टोपी. आमच्याकडे असा माणूस गेला की टोपी त्याच्याबरोबर जाते, डोक्यावर नाहीतर छातीवर. सेल्मर बोडका गेला. आदल्या दिवशी पेटीत टोपी होती असं सांगणारे दोघे निघाले. त्या दोघांनीही पेटीत डोकावलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. आणि पुढच्याच शनिवारी लव्हॉनने आर्डिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: पोळपाटावर ती टोपी, हातात हातोडी आणि गोल भोकं पाडायचा पंच, आणि आर्डिस टोपीतून गोल गोल चकत्या पाडतेय.

खिडकीतून बघायला लव्हॉन त्या परसात काय करत होती, हे तिला कुणी विचारलं नाही.

आता या चकत्यांचं थोडं सांगायला हवं. आमच्या गावात लोक चर्च बदलतील, पण चकती बदलणार नाहीत. आमचा रायफल क्लब जुन्या घडणीच्या एकनळी रायफली चालवतो. एका वेळी एक काडतूस, आणि आत काळी दारू. दारू म्हणजे बंदुकीची. पिण्याची दुसऱ्या कपाटात असते आणि नेमबाजी संपल्याशिवाय ते कपाट उघडत नाही. गोळी शुद्ध मऊ शिशाची, आणि तिला पातळ कागदाचे दोन वेढे दिलेले. कागद शिसं नळीला लागू देत नाही आणि नळीच्या तोंडाशी आला की फाटून अक्षतांसारखा उधळतो. दारू आणि गोळी यांच्या मध्ये बसते ती चकती. जाळ गोळीच्या बुडाला पोचू नये, कागद करपू नये, एवढंच तिचं काम. एका नाण्याएवढा गोल तुकडा, पण त्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ दोन वर्षं बोलले नाहीत. एकजण बुचाच्या सालीच्या पातळ तावाची करतो, एक छपराच्या डांबरी कागदाची, एक नाश्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची. आणि सेल्मर जुन्या टोप्यांच्या नमद्याची, मेण आणि मेंढीच्या चरबीत भिजवून. त्याचं म्हणणं असं, की नमदा जाताजाता नळीतली काजळी पुसून नेतो.

'सेल्मर करायचा' असं म्हणायची पद्धत, करायची आर्डिस. ती सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दीडशे पोरांचं जेवण करून घरी यायची आणि ओट्यावर नवऱ्याची काडतुसं भरायची. बटाट्याची लेफ्से, म्हणजे आमची नॉर्वेची पातळ पोळी, लाटणारा हात तो. तिची लेफ्से इतकी पातळ, की पलीकडचा पास्टर दिसावा. त्याच हाताने ओला कागद गोळीभोवती असा गुंडाळायची की सांधा नखाला लागू नये. सेल्मरने काय केलं, तर नेम धरला. क्लबच्या चौघांच्या संघात एकोणीस वर्षं त्याची चौथी जागा होती आणि दर सप्टेंबरला नदीपलीकडच्या क्लबशी सामना व्हायचा. बक्षीस घ्यायला तो उठायचा, टाळ्या त्याला मिळायच्या, आणि आर्डिस मागे थर्मासचं झाकण लावत असायची.

दफनानंतर दहाव्या दिवशी क्लबचा कप्तान ऑर्विन ब्राटेन तिच्याकडे आला, बायकोने दिलेलं टूना आणि नूडल्सचं भांडं घेऊन. मीही तिथे होतो. सलून बंद होतं आणि आर्डिसकडे ऱ्हुबार्बचा पाय, म्हणजे आंबटगोड सारणाची भट्टीतली पोळी, होता, याहून जास्त कारण मला लागत नाही.

ऑर्विन दारातच उभा राहून म्हणाला, "मी काही आजच न्यायला आलेलो नाही, आर्डिस."

"मग भांडं ठेव आणि बस."

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली, मग घरात टोपी हा विषय बरा नाही हे लक्षात येऊन ती खुर्चीखाली सरकवली.

"सेल्मर सगळ्यांसमोर बोलला होता," तो म्हणाला. "रायफल भिंतीला टांगायची नाही. कॅलेंडर टांगतात, रायफल नाही. ती माझ्याकडे यायची, असं."

"घरात चालवणारं कुणी नसेल तर, असं बोलला होता."

"हो, तेच."

"मग मी घरातच आहे."

ऑर्विनने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या पायकडे पाहिलं.

"तू काडतुसं करतेस, बाई. नेम धरणं निराळं."

"तीस वर्षं मी त्याला मागून सांगत होते, वारा डावीकडून येतोय. ऐकायचा तेव्हा लागायचं."

"आणि नाही ऐकलं तेव्हा?"

"तेव्हाच्या गोष्टी तूच माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतोस."

ऑर्विन हसला. माणूस वाईट नाही. रायफल त्याला हवी होती, वीस वर्षं हवी होती, पण फसवून नको होती. शेवटी ठरलं ते असं. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी चौथ्या जागेची चाचणी. आठशे यार्डांवर रेड्याच्या आकाराचं लोखंडी निशाण, दहा गोळ्या. आर्डिसने आठ लावल्या तर जागा तिची आणि रायफल तिच्या घरात. सात किंवा कमी लावल्या तर रायफल ऑर्विनची, आणि त्याबद्दल पुन्हा शब्द काढायचा नाही.

"सातला काहीच नाही?" मी विचारलं.

"सातला कॉफी," आर्डिस म्हणाली. "माझ्याकडून. आणि तू जाताना पायची बशी धुऊन ठेव, वेंडेल."

जूनपासून तिने स्वतःच्याच कुरणावर सराव सुरू केला. दोन काठ्यांची कैची जमिनीत रोवायची, नळी त्यावर टेकवायची, आणि मागे ऐसपैस बसायचं. दुर्बिणीवर मी. न्हाव्याला एक फायदा असतो, माणूस जरासा हलला तरी कळतं. आर्डिस हलत नव्हती. श्वास सोडायची, थांबायची, आणि मग तो भला मोठा धूर. धूर सरेपर्यंत ती नळीतून ओलं फडकं फिरवून मोकळी.

पहिला आठवडा मी गावभर सांगत सुटलो, की सेल्मर तिच्यापुढे पाणी भरेल. दुसऱ्या आठवड्यात मला गप्प बसावं लागलं. कारण आठ गोळ्या एका ताटात मावतील अशा जायच्या, आणि नववी शेजारच्या काउंटीत. कधी चौथी, कधी सहावी, कधी सलग बारा चांगल्या आणि तेरावी कुठे गेली ते देवाला आणि गायींनाच ठाऊक. दहामध्ये कधी दोन जायच्या, कधी तीन. आणि चाचणीत वाऱ्यालाही काही द्यावं लागणार होतं.

ऑर्विन एकदा कुंपणाशी गाडी थांबवून बघत उभा राहिला. पाच गोळ्या पाहिल्या. पाचवी बाहेर गेली.

"हा वारा नाही, आर्डिस," तो म्हणाला. "हा हात आहे."

 त्या संध्याकाळी तिने कॉफी सोडली. नॉर्वेच्या रक्ताच्या बाईने कॉफी सोडली, म्हणजे काय ते समजा. हात तसाच स्थिर राहिला आणि गोळ्या तशाच भरकटल्या, फक्त आर्डिसशी बोलायची कुणाची छाती होईना. मग तिने कागद बदलला. मग गोळ्या एकेक वजन करून निवडल्या. मग दारू दोनदा चाळली. नववी गोळी काही ऐकेना.

मी एकदा भीतभीत म्हणालो, "चकती बदलून बघायची का?"

"वेंडेल, मी तुझ्या दुकानात येऊन कात्री कशी धरायची ते सांगते का?"

"सांगतेस की. मागच्या नाताळात सांगितलंस."

"तेव्हा तू पास्टरचा कान कापला होतास." आणि तिने रायफल खोळीत घातली. "टोपी राहील. तीस वर्षं त्याच नमद्याने लागत आलंय."

मी विषय सोडला. बाईचा नवरा नुकताच गेलेला, त्याची टोपी अशी चकती-चकतीने तिच्या हातातून चाललेली. तिथे न्हाव्याने बोलू नये.

जुलैच्या शेवटी गावात नवीन बातमी पसरली, की आर्डिस क्वामेचं डोकं फिरलंय आणि ती कुरणात चादरी वाळत घालते, तेही जमिनीवर. बातमी खरी होती. तिने रायफलच्या तोंडापुढे चार जुन्या पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, कोपऱ्यांवर दगड. पलीकडे शंभर यार्डांवर कागदाचं निशाण, त्यामागे मऊ मातीचा बांध.

"शाळेत एखादं पोर जेवत नसलं," ती मला म्हणाली, "तर मी त्याला विचारायची नाही. पोरं खोटं बोलतात. मी ताट बघायची, काय उरलंय ते."

चकत्यांवर तिने कपड्यांवर खुणा करायच्या शाईने आकडे घातले होते, एक ते वीस, त्याच क्रमाने भरलेल्या. वीस गोळ्या झाडून झाल्या. निशाणावर सोळा छिद्रं मुठीत मावतील अशी, आणि चार इकडेतिकडे. मी दुर्बिणीतून एकेक बघून वहीत मांडलं होतं: तिसरी, सातवी, बारावी, अठरावी.

मग आम्ही दोघं गुडघ्यांवर चादरींवरून रांगलो. दोघांचं वय मिळून एकशे बत्तीस. लव्हॉन नेमकी त्याच वेळी रस्त्याने गेली, आणि संध्याकाळपर्यंत आमचं लग्नही लागलं होतं, पण ते असू दे. चकत्या सापडत गेल्या, काळ्या पडलेल्या, कडा करपलेल्या, पण आकडा वाचता येईल अशा. आर्डिस त्या चादरीवर ओळीने मांडत होती. सोळा सापडल्या. गवतात हात घालघालून थकलो, सतरावी मिळेना.

"कुठल्या नाहीत?" मी विचारलं.

तिने ओळीवरून बोट फिरवलं. "तीन. सात. बारा. अठरा."

आम्ही बांध खणायला घेतला. बहुतेक गोळ्या चेंदामेंदा झालेल्या. एक मात्र बुडाकडून बऱ्यापैकी शाबूत निघाली. आर्डिसने अंगठ्याने माती पुसली. गोळीच्या बुडाला, दुमडलेल्या कागदाच्या शेपटीसकट, चकती चिकटलेली होती, पाकिटावर लाखेचा शिक्का बसावा तशी. सात आकडा अर्धा दिसत होता. पाठीवर चकती घेऊन ही बया शंभर यार्ड गेली होती, एका बाजूला झुकत. आठशेवर काय करणार?

पण तेवढंच नाही. ही चकती फिकट होती. चादरीवर ठेवलेल्या सोळाच्या सोळा, काजळी पुसून पाहिल्या, तर गडद करड्या.

आर्डिस घरात गेली आणि कॉफीचा जुना डबा घेऊन आली. त्यात उरलेल्या चकत्या. तिने त्या एप्रनमध्ये ओतल्या आणि तांदूळ निवडावेत तशा निवडायला लागली. गडद इकडे, फिकट तिकडे. मग एक फिकट चकती बोटांत धरून वाकवली. ती वाकेना. गडद होती ती कापसासारखी दुमडली.

"ह्या काठाच्या आहेत," ती म्हणाली.

"कसल्या?"

"टोपीच्या काठाच्या. उन्हाने रंग उडालाय. काठ ताठ राहावा म्हणून टोपीवाले त्यात लाख भरतात. चरबी आत मुरतच नाही, वरच बसते. दारूचा जाळ लागला की लाख सुटते, आणि कागदाला धरते." तिने ती चकती पुन्हा वाकवून पाहिली. "सेल्मर काठ फेकून द्यायचा. प्रत्येक टोपीचा. कोंबड्यांच्या खुराड्यात टाकायचा. मी दरवेळी भांडायची, चांगला नमदा फुकट घालवतोस म्हणून."

आता ही चूक आमच्याच लोकांनी करावी. सव्वीस वर्षं शाळेत उरलेल्या पावाचं पुडिंग करणारी बाई, टोपीचा काठ फेकेल होय? नवरा गेला, खुराड्याची वाट बंद झाली, आणि तिने पहिलं काम काय केलं, तर काठाच्याही चकत्या पाडून त्याच डब्यात टाकल्या.

"त्याने एकदा तरी सांगायचं होतं, का फेकतो ते," ती म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

"नाही. ओरडले फक्त." आणि तिला हसू आलं. दफनानंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले आणि एप्रनमधल्या गडद चकत्या मोजल्या. नऊ. टोपीचा माथा संपला होता.

चाचणीला दहा लागणार होत्या, शिवाय सरावाला निराळ्या. मी म्हणालो, गावात टोप्यांची काय कमी आहे, माझीच घे. तिने माझ्या टोपीकडे पाहिलं, म्हणाली, "त्यात माणसापेक्षा तेल जास्त आहे."

मग तिच्या ओट्यावर जे सुरू झालं, त्याला मी आजही शाळा म्हणतो. आर्डिस प्रत्येक वस्तू पोराला तपासावं तशी तपासायची. ऑर्विनच्या बुचाच्या तावातून दहा पाडल्या. पंच बसला की कडेचे कण गळायचे. "हा घरीच रडायला लागला, परीक्षेला काय बसणार." डांबरी कागद गरम कपाशेजारी ठेवला, पाच मिनिटांत बोटांना लागला. तो बाद, पुन्हा तीच चिकट जात. नाश्त्याच्या खोक्याचा पुठ्ठा दिसायला सुरेख, पण चरबी लागली की पापुद्रे सुटून एकाच्या तीन चकत्या व्हायच्या. चामडं कमीजास्त जाडीचं. एकेक चकती बशीत चरबीवर ठेवायची, वर गोळीचा ओला कागद, त्यावर मिठाची बरणी, आणि सगळं उन्हात खिडकीत. संध्याकाळी बरणी उचलायची आणि कागद ओढून बघायचा. कागदाला धरून येईल ती चकती नापास.

पाचव्या दिवशी एक पास झाली. शाळेत पोरांना मिळतं त्या दुधाच्या छोट्या खोक्याची. टणक, दोन्ही अंगांनी गुळगुळीत, चरबी पीत नाही, कागदाला ओळख देत नाही, आणि पंचाखाली कड अशी तुटते की नखाला लागू नये. सव्वीस वर्षं ती असली खोकी दिवसाला दीडशे कचऱ्यात टाकत आली होती.

"आता हसू नकोस," ती मला म्हणाली.

"मी कुठे हसतोय?"

"तुझा मिशांचा डावा कोपरा हसतोय."

पण उन्हाळ्यात शाळा बंद. खोकी होती फक्त चर्चच्या तळघरात, मुलांच्या बायबल शिबिरात. त्या आठवड्यात शिबिरातल्या एकाही पोराला दूध नको म्हणायची सोय राहिली नाही. लव्हॉन स्वतः उभी राहून प्यायला लावायची, खोकी धुऊन, चपटी करून, दोऱ्याने बांधून आर्डिसच्या ओट्यावर आणून ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. टोपीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आर्डिसही नाही. दोघी कॉफी प्यायल्या. आर्डिसची कॉफी परत सुरू झाली ती त्या दिवशी.

पुन्हा चादरी अंथरल्या. दुधाच्या खोक्याच्या वीस, आकडे घालून. निशाणावर एकही भरकटलेली नाही, आणि चादरींवर वीसच्या वीस. सोळाव्या चकतीवर गायीचा अर्धा चेहरा शिल्लक होता.

तरीही चाचणीच्या आदल्या दुपारी ती म्हणाली, "नऊ आहेत अजून त्याच्या. नऊ त्याच्या आणि एक खोक्याची, असं केलं तर?"

मी म्हणालो, "कर. चांगल्या आहेत त्या."

"चांगल्या आहेत. पण नऊ एक जातीच्या आणि दहावी निराळी, म्हणजे दहाव्या वेळी माझा हात विचार करणार." तिने डब्याचं झाकण लावलं. "सगळ्या एकसारख्या हव्यात. सेल्मर असता तर हेच म्हणाला असता, आणि मी भांडले असते."

दुसऱ्या शनिवारी वारा होता. आमच्याकडे नसतो केव्हा, पण त्या दिवशी तो मनात काहीतरी धरून आला होता. आधी त्या जागेवर डोळा असलेले आणखी तिघं जण झाले. सहा, सात, पाच. मग आर्डिस बसली. शाळेतलाच एप्रन, त्याच्या खिशात दहा काडतुसं. ऑर्विन पाटीवर खडू घेऊन उभा.

आठशे यार्डांवर गोष्ट अशी असते, की धूर होतो, मग काहीच होत नाही. तुम्ही चार-पाच सेकंद नुसते उभे राहता. मग आवाज येतो, किंवा येत नाही.

पहिली आली. दुसरी आली. तिसऱ्याला वारा मध्येच पडला आणि गोळी रेड्याच्या शेपटीमागून धुरळा उडवून गेली. चौथी, पाचवी आली. सहावीला मी म्हणालो, थांब. ती थांबली नाही. धुरळा.

"थांब म्हणालो होतो."

"ऐकलं मी."

"मग?"

"तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, तो का ऐकायचा नाही. इथे बसलं की वाटतं, आपल्यालाच कळतंय." तिने नळीतून फडकं फिरवलं. "आता सांग. आता ऐकते."

चार झाल्या होत्या, चार उरल्या होत्या. चारही लागायला हव्यात. मागे पंधरा-वीस माणसं होती आणि एकही खोकत नव्हतं.

सातवी मी सांगितली तशी, आली. आठवी आली. नववीला वाऱ्याने गवत उलटं पाडलं, मी म्हणालो थांब, आणि ती थांबली. एक मिनिट. दोन. घामेजल्या हातातल्या खडूने ऑर्विनची बोटं पांढरी झाली. गवत उठलं, मी म्हणालो आता, आणि ती आली.

दहाव्याआधी तिने खिशातून काडतूस काढलं आणि ऑर्विनकडे न बघता विचारलं, "पाटीवर किती?"

"सात."

"तेवढ्याला कॉफी आहे."

"आर्डिस, झाड आता, बाई," ऑर्विन म्हणाला. "मला इथे उभं राहवत नाही."

वारा डावीकडून होता. मी सांगितलं. तिने श्वास सोडला, थांबली. धूर झाला.

मग काहीच झालं नाही. मी दुर्बिणीत डोळा खुपसून बसलो होतो, पण धूर माझ्याच समोर लोळत होता, मला रेडाही दिसत नव्हता. एक. दोन. तीन. चार. लव्हॉनने माझा दंड असा दाबला, की वळ सोमवारपर्यंत होता.

आणि लांबून, जेवणाची घंटा एकदाच वाजवावी तसा, आवाज आला.

ऑर्विनने पाटीवर आठवी रेघ ओढली. जरा जास्तच दाबून ओढली, खडू मोडला. मग तो तिच्याजवळ गेला, हात देऊन तिला उठवलं, आणि रायफल तिच्या काठ्यांवरून उचलून दोन्ही हातांनी तिच्याच हातात दिली.

"सप्टेंबरला सकाळी सहाला निघायचं," तो म्हणाला. "चौथी जागा मागच्या सीटवर, खिडकीशी. सेल्मर तिथे बसून पेंगायचा."

"मी पेंगत नाही."

"नको पेंगू. वारा बघ." तो जरा घुटमळला. "चकती कसली होती?"

"चॉकलेट दुधाची."

"थट्टा करू नकोस."

"तुझं बूच गळतं, ऑर्विन. कडेने. उद्या ये, दाखवते. येताना पंच आण."

तो दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं आले. गेल्या महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला विचारलं, की हल्ली म्हातारी माणसं जेवणाच्या सुट्टीत दुधाची रिकामी खोकी मागायला का येतात. मी तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते आता गावात फिरत असेलच.

पण टोपीचं राहिलं. सामना होऊन गेल्यावर एकदा मी आर्डिसच्या ओट्याशी बसलो होतो आणि मला राहवलं नाही. विचारलं, पेटीतून ती टोपी काढताना तुला काही वाटलं नाही का. तिने हात धुतले आणि सांगितलं.

टोपी पेटीत कधी नव्हतीच. मार्चमध्ये आजारी असताना, येणाऱ्या उन्हाळ्याची तयारी म्हणून, सेल्मरने अंथरुणात बसून स्वतःच टोपीच्या माथ्यातून दोनशेवर चकत्या पाडल्या होत्या. मे महिन्यात तो गेला तेव्हा नुसता काठ उरला होता, ती डोक्यावर बसण्यासारखी राहिली नव्हती.